हिशोब मागणारी पोरं, हिशोब देणारी पोरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना सार्वजनिक कामासाठी, चांगल्या नेतृत्वासाठी तयार कसं करायचं याबद्दल तुमच्या मनात काय प्रश्न आहेत ते पाठवा. पत्रं भरपूर आली, जास्त करून ठाणे आणि नवी मुंबईतूनच, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे निम्मी पत्रं खुद्द पोरांचीच आहेत. सगळी छापता येत नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. हुशार आहे पण घराबाहेर काय चाललंय याचं काही देणंघेणं नाही, आपला नगरसेवक कोण विचारलं तर मोबाईल काढून शोधतो. एका ठिकाणी रिसॉर्टवर दोन दिवसांचा लीडरशिप कॅम्प आहे, फी बरीच आहे पण सर्टिफिकेट मिळतं. पाठवू का?
– एक आई, घणसोली

ताई, माझं स्पष्ट मत, नका पाठवू. दोन दिवसात भाषण कसं करायचं, टीमला कसं बोलायचं हे शिकवतील, ते वाईट नाही, पण त्या कॅम्पमध्ये त्याच्या हातात कोणाचंही खरं काम नसतं, खरे पैसे नसतात आणि चुकलं तर जाब विचारणारंही कोणी नसतं, आणि माझ्या मते नेतृत्व तिथेच शिकलं जातं जिथे चार माणसं तुम्हाला विचारू शकतात की बाबा हे असं का केलंस.

नगरसेवकाचं म्हणाल तर त्याला दोष देऊ नका. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक २०१५ ला झाली तेव्हा तो आठेक वर्षांचा असणार, २०२० च्या मे महिन्यात ती मुदत संपली आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. मधली सगळी वर्षं प्रशासक. म्हणजे ज्या वयात मुलं बघून बघून शिकतात की गटार तुंबलं की कोणाच्या दारात जायचं, त्या वयात त्याला दारच दिसलं नाही. ठाण्यातही तेच, २०१७ नंतर २०२६. ही एक अख्खी पिढी आहे जिने नगरसेवक फक्त बॅनरवर बघितलाय, त्यांना आळशी म्हणण्याआधी आपण मोठ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे.

आता करायचं काय. तुमची सोसायटी असेलच. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिची नोटीस १४ दिवस आधी यायला पाहिजे आणि हिशोबपत्रकं सोबत असतात. ती आली की त्याच्या हातात द्या आणि म्हणा हे वाचून मला समजावून सांग, सिंकिंग फंड म्हणजे काय, टँकरवर एवढा खर्च का, लिफ्टचं एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, कोणाला दिलंय. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, आकडे बघून वैतागणार नाही. सभासद तुम्ही किंवा त्याचे बाबा असाल, तो नसेल, म्हणून सभेत त्याला मत नाही, पण सेक्रेटरींना विचारून मागे बसू द्या, आणि जमलं तर पुढच्या वेळी सभेचं इतिवृत्त लिहायला मदतीला द्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या पोराला पहिल्यांदा कळतं की भांडण कसं झालं आणि शेवटी ठरलं काय, या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात.

आणि कॉलेजात एनएसएस आहे का विचारा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. खूप कॉलेजांत ते मार्कांसाठी उरकलं जातं हे खरं आहे, पण चांगले प्रोग्रॅम ऑफिसर असतील तर त्या सात दिवसांत एका गावात राहून मुलगा जे शिकेल त्याला रिसॉर्टची सर नाही, आणि फी नाही.

मी २२ वर्षांचा आहे, ठाण्यात आमचं जुनं मंडळ आहे, गणपती आणि दहीहंडी दोन्ही करतो. यावर्षी मला खजिनदार केलं. वर्गणी गोळा झाली, एका नेत्याकडून बॅनरचे पैसे कॅशमध्ये आले, त्याची पावती फाडलेली नाही. सिनिअर दादा लोक म्हणतात थोडे पैसे 'इतर' मध्ये टाक, पार्टी झाली पोरांची, दरवर्षी होतं. मी सही करू का? ही माणसं वाईट नाहीत, लहानपणापासून मी त्यांच्याच खांद्यावर चढलोय.
– एक खजिनदार, ठाणे

सही करू नकोस. आधी हे सांगून टाकतो कारण तुला मुळात तेच विचारायचंय, आता बाकीचं सावकाश बोलू.

दादा लोक वाईट नाहीत हे मी मानतो. पावसात रात्रभर मांडव सांभाळणारी, गल्लीत कोणाला रक्त लागलं तर पहिली धावणारी हीच माणसं असतात आणि मंडळानेच ठाण्यातल्या किती पोरांना स्टेजवर बोलायला, शंभर माणसं हाताळायला, पोलीस स्टेशनला परवानगीचा अर्ज घेऊन जायला शिकवलंय. म्हणून तर वाईट वाटतं. कारण तिथेच पोरगं हेही शिकतं की 'इतर' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात काहीही मावतं, आणि हेच पोरगं दहा वर्षांनी नगरसेवक झालं की रकाना तोच राहतो, फक्त रक्कम वाढते. महापालिकेतल्या भ्रष्टाचाराबद्दल आपण एवढं बोलतो, त्याची बालवाडी आपल्या गल्लीत आहे असं मला मनापासून वाटतं आणि ती बंद करायची ताकद तुझ्यासारख्या खजिनदाराकडे आहे, आयुक्तांकडे नाही.

आता सही न करता काय करायचं. ग्रुपवर टाकू नकोस. हे पहिलं. व्हॉट्सअपवर टाकलंस की पैशाचा प्रश्न राहतो बाजूला आणि 'आम्हाला चोर म्हणाला' हा प्रश्न होतो. आधी अध्यक्षांना भेट, सोबत कमिटीतला अजून एक जण घे, एकटा जाऊ नकोस, आणि आरोपाच्या भाषेत बोलू नकोस, एवढंच म्हण की दादा सही माझी आहे, उद्या कोणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय, मला बिल पाहिजे. पार्टी झाली तर झाली, ती पार्टी म्हणूनच लिहू या आणि कमिटीने ठराव करू दे की कार्यकर्त्यांच्या जेवणाला इतका खर्च मंजूर. कार्यकर्त्यांनी दहा दिवस राबून एक दिवस जेवलं यात लाज कसली, वर्गणी देणाऱ्या काकूंनाही ते पटेल. लपवलं की मात्र तेच जेवण चोरीचं होतं. खूपदा मोठ्या माणसांना असा सरळ रस्ता दाखवला की ते सुटल्यासारखे होतात, कारण त्यांनाही आधीच्यांनी तेच शिकवलेलं असतं, दुसरं काही बघितलेलंच नसतं.

बॅनरच्या पैशांची आजच पावती फाड, ज्याने दिले त्याच्या नावाने आणि 'जाहिरात' म्हणून. तो नेता पावती नको म्हणत असेल तर पैसे परत करायचे, यात मधला मार्ग नाही. आणि बॅनर लावायला महापालिकेची परवानगी होती का तेही बघ, नसेल तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि ते मंडळाच्याही अंगावर येतं.

मग पुढच्या वर्षीसाठी व्यवस्था लाव. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते आणि नंतर हिशोबही द्यायचा असतो, ठाण्यात कितीतरी मंडळं हे नीट करतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी जाऊन विचार. पावती पुस्तकं नंबर टाकून द्यायची, कोणाकडे कुठलं पुस्तक गेलं ते वहीत लिहायचं, चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, रद्द लिहून पुस्तकातच ठेवायची. क्यूआर कोड मंडळाच्या बँक खात्याचा, कोणा एकाच्या मोबाईल नंबरचा नाही. खात्यावर दोन सह्या. मांडववाला, साऊंडवाला, ढोलपथक, मूर्ती, प्रत्येकाचं बिल. आणि विसर्जन झाल्यावर महिन्याभरात सगळा जमाखर्च मंडळाच्या बोर्डावर लावायचा, ज्यावर आरतीची वेळ लिहिता त्याच बोर्डावर.

तुला कोणी म्हणेल की हे असलं कुठे चालतं. रामभाऊ म्हाळगींचं नाव ऐकलं असशील, १९७७ आणि १९८० ला ठाण्याचे खासदार होते, त्याआधी आमदार. ते आमदार असताना दरवर्षी आपण काय केलं याचा अहवाल छापून मतदारांना द्यायचे. कोणी मागितला नव्हता, कायद्यात नव्हतं. त्यांच्या पक्षाचे विचार तुला पटोत न पटोत, ते वेगळं, पण निवडून आलेल्या माणसाने वर्षाकाठी लोकांसमोर कागद ठेवायचा ही पद्धत याच मातीत एका माणसाने पाळून दाखवलीये. तुझ्या बोर्डावरचा जमाखर्च त्याच जातीचा आहे.

आणि कोणीच ऐकलं नाही तर? मग कमिटीच्या मीटिंगमध्ये तोंडी नाही, लेखी सांगायचं की अमुक रकमेचं बिल नसल्यामुळे मी या हिशोबावर सही करत नाही, आणि ते इतिवृत्तात घ्यायला लावायचं. तरीही दबाव आला तर राजीनामा, तोही लेखी, तुझ्याकडची शिल्लक, पुस्तकं, चाव्या कोणाला दिल्या त्याच्या पोचसकट. पण पहिल्याच दिवशी राजीनामा देऊन बाजूला होऊ नकोस. सरळ पोरं रागाने निघून जातात आणि जागा रिकामी राहत नाही, कोणीतरी सही करणारा येतोच. टोमणे बसतील, मोठा शहाणा झाला म्हणतील, एखादा जुना मित्र काही दिवस बोलणार नाही. ते लागतं मनाला, मी खोटं सांगणार नाही. पण तू खांद्यावर चढलायस तसे तुझ्या खांद्यावर चढणारे आठवी नववीतले पोरगे आत्ता मंडळात आहेत आणि ते बघतायत की खजिनदार दादाने काय केलं.

मी जानेवारीत मत द्यायला गेले तर यादीत नावच नाही. मला सप्टेंबरमध्ये १८ पूर्ण झाली होती. एवढा उत्साह होता, सगळा गेला. आता परत पाच वर्षं थांबायचं का?
– वय १८, कळवा

अगं नाही. या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची मतदार यादी धरली होती, त्यामुळे सप्टेंबरमध्ये अठरा झालेल्या कोणाचंच नाव त्यात येऊ शकत नव्हतं, तुझी चूक नाही, पण हे तुला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, कॉलेजने तरी. आता नोंदणीसाठी वर्षात चार तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. फॉर्म ६, ऑनलाईन भर किंवा बीएलओ, म्हणजे तुमच्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, त्याच्याकडे दे. तुझ्या धाकट्या भावंडांना, वर्गातल्या मैत्रिणींना हे आत्ताच सांग. भरल्यावर यादीत नाव आलं का तेही स्वतः बघ, अर्ज केला म्हणजे झालं असं समजू नकोस.

आणि अठराव्या वर्षी मत हे आपल्याकडे कायम नव्हतं, १९८९ पर्यंत एकवीस लागत होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते खाली आलं.

मत नाही म्हणून प्रभागातलं काम थांबत नाही. तुमच्याकडे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडतात, त्यामुळे 'ते माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे' हे उत्तर तुला पुष्कळदा ऐकायला मिळेल. चौघांची नावं लिहून ठेव आणि तक्रार द्यायची तर चौघांना एकच पत्र दे, चार नावं एका कागदावर.

आमची मुलगी २० वर्षांची. घराजवळचा फुटपाथ वर्षभर उखडून ठेवलाय म्हणून तिने माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलंय. मला अभिमान आहे पण भीतीही वाटते, उगाच कोणाच्या डोळ्यावर यायला नको. तिला थांबवू का?
– एक बाबा, खारघर

दादा, थांबवू नका, पण एकटीला पुढे करू नका. तुमची भीती खोटी नाही. माहिती अधिकार वापरणाऱ्या माणसांवर महाराष्ट्रात हल्ले झालेत, जीव गेलेत, हे माहीत असताना वीस वर्षांच्या मुलीला 'घाबरू नकोस' एवढंच म्हणणं मला पटत नाही. फुटपाथच्या अर्जात आणि जमिनीच्या व्यवहाराच्या अर्जात धोक्याचा फरक खूप आहे हेही तेवढंच खरं. तर बिल्डिंगमधल्या चारपाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा, त्यातला एक तुमचा स्वतःचा. कोणाच्या डोळ्यावर यायचं ते मग सगळे मिळून.

खारघरमध्ये खरी पंचाईत आधीची आहे, मागायचं कोणाकडे. नवी मुंबई म्हणतो आपण सगळ्यालाच, पण खारघर नवी मुंबई महापालिकेत नाही, पनवेल महापालिकेत आहे, ती १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, आणि वसवलं सगळं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवायला काढलेल्या सरकारी कंपनीने, जी १९७० पासून आहे. फुटपाथ कोणी खोदला, कोणाच्या ताब्यात आहे, दुरुस्ती कोणी करायची, यात दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतील. मुलीला सांगा की घाबरायचं कारण नाही, चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवणं हे कायद्याने त्यांचंच काम आहे, कलम ६ (३), आणि अर्जाच्या खाली तेवढी एक ओळ लिहून ठेवायची.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. 'फुटपाथ का उखडला' असा प्रश्न विचारू नका, का ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद मागा. वर्क ऑर्डरची प्रत, ठेकेदाराचं नाव, काम संपायची तारीख, दोष दुरुस्तीचा कालावधी किती, आतापर्यंत दिलेलं बिल. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, तिथे मात्र खूप वेळ जातो, ते तिला आधीच सांगा म्हणजे ती खचणार नाही.

उत्तर आल्यावर खरं काम सुरू होतं, आणि इथे तुम्ही बाप म्हणून उपयोगी पडाल. आलेला कागद लगेच फोटो काढून 'बघा चोर' म्हणून टाकायचा मोह होईल. तिला म्हणा आधी ठेकेदाराची आणि इंजिनिअरची बाजू विचार, कदाचित खाली पाण्याची लाईन टाकायची राहिली असेल. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याने आपलं म्हणणंही तपासून घेतलं पाहिजे, नाहीतर माहितीचा अर्ज धमकावण्याचं हत्यार होतो आणि तसे वापरणारेही आपल्याकडे आहेत, त्यांच्यामुळे सरळ माणसाचा अर्जसुद्धा क्लार्क संशयाने बघतो.

डिग्री कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. मुलं म्हणतात मॅडम सगळेच नेते सारखे. वर्गात कुठल्याही पक्षाचं नाव घेतलं तर पालकांच्या तक्रारी येतात. मग नागरिकशास्त्र शिकवायचं तरी कसं?
– एक प्राध्यापिका, ठाणे

मॅडम, मुलांना 'सगळे सारखे' वाटतं कारण त्यांनी कोणाला निवडून देऊन नंतर त्याच्याकडून काम करून घेतलेलंच नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका गेल्या, मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागलो, हिंसा होत होती म्हणून ते झालं हे मान्य, २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली पण प्रत्यक्षात ती कॉलेजात दिसत नाही. तीस वर्षं आपण मुलांना सांगतोय की पहिला आलेला तो नेता. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

तुमच्या हातात वर्ग आहे ना, तिथे करा. सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, मतदानाने निवडा, पण निवडण्याआधी एक छोटी खरी रक्कम ठेवा, डिपार्टमेंटच्या फेस्टची असेल, सहलीची असेल, आणि नियम करा की दर महिन्याला सीआरने वर्गासमोर उभं राहून सांगायचं काय झालं, किती गेले, काय राहिलं, आणि वर्गातल्या एक तृतीयांश मुलांनी सही केली तर त्याला परत बोलवायची चर्चा घ्यायची. एकदा एखादा सीआर उत्तर देताना अडखळला की मुलांना कळेल जाब विचारणं कसं असतं, आणि तो सीआर स्वतः जे शिकेल ते तुमच्या वर्षभराच्या लेक्चरात येणार नाही. मात्र त्याला फाडून खाऊ देऊ नका. अडखळलेल्या पोराला पुढच्या महिन्यात सुधारून परत उभं राहता आलं पाहिजे.

पक्षाचं म्हणाल तर जुन्या गोष्टी घ्या, जवळच्या घ्या. मुलांना उरण पनवेलच्या शेतकऱ्यांचं १९८४ चं आंदोलन माहीत नसतं, अटल सेतू माहीत असतो. सिडकोने शहरासाठी जमीन घेतली, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील लोकांना घेऊन उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायचं धोरण आलं. वर्गात नुसतं कौतुक करू नका, मुलांना दोन बाजू वाटून द्या. शहर वसवायचं तर जमीन कुठून आणायची हे सिडकोच्या बाजूने मांडायचं, आणि भातखाचरं, मिठागरं गेल्यावर आगरी कोळी घराने जगायचं कसं हे दुसऱ्या बाजूने. मग बाजू बदला. बाजू बदलल्यावर जी शांतता होते ना वर्गात, ती महत्त्वाची. तुमच्या वर्गात त्या गावांतली मुलं असतीलच, त्यांच्या आजोबांना बोलवा, त्यांनी बघितलंय. पालकांची तक्रार आली तर सांगा की कुठल्या पक्षाला मत द्या असं सांगितलं नाही, दोन्हीकडचं ऐकायला सांगितलं.

डोमिसाईलसाठी एका ऑफिसात चहापाण्याचे पैसे मागितले, ॲडमिशनची तारीख जवळ होती म्हणून बाबांनी दिले. मी बाजूला उभा होतो. आता मी कुठल्या तोंडाने भ्रष्टाचारावर बोलू?
– वय १९, ऐरोली

बोल. बाबांवर राग धरू नकोस, तुझं वर्ष वाचवायला त्यांनी ते केलं, पण ते योग्य होतं असंही मनाला समजावू नकोस. पुढच्या वेळेसाठी तीन गोष्टी माहीत असू देत. अधिवास दाखला ही लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे, कायदा २०१५ चा, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते, आपले सरकार पोर्टलवर अर्ज केला की नंबर मिळतो आणि मुदत उलटली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरं, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. आणि पैसे देण्याआधीच लाचलुचपत विभागाला फोन करायचा, १०६४.

पण सगळ्यात उपयोगाचं म्हणजे वेळेआधी अर्ज. लाच बहुतेक वेळा घाईतून जाते. तुझ्या कॉलनीत दहावी बारावीची किती मुलं आहेत बघ आणि निकालाची वाट न बघता मार्चमध्येच सगळ्यांचे दाखल्यांचे अर्ज भरून दे, दोन मित्र घेऊन बस एका रविवारी. भ्रष्टाचारावर बोलायचं तोंड तुला तिथे मिळेल.

मी २१ वर्षांची आहे. मला राजकारणात जायचंय, खरंच जायचंय, समाजसेवा वगैरे नाही, निवडणूकच लढवायची आहे. घरी सांगितलं तर आई रडली. चांगल्या घरातल्या मुली जात नाहीत म्हणाली.
– तुर्भे

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. एवढं सरळ कोणी लिहीत नाही, सगळे 'समाजासाठी काहीतरी' म्हणतात. निवडून यायची इच्छा असणं यात काही कमीपणा नाही, चांगल्या मुलींनी ती ठेवलीच नाही तर सभागृहात बसणार कोण.

महापालिकेला उभं राहायला २१ पूर्ण लागतात, म्हणजे वय तुझं झालंय. नवी मुंबईत १११ जागा आहेत, २८ प्रभागांत, आणि २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव. त्यातल्या कितीतरी ठिकाणी नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा किंवा दिराचा असतो, तुझ्या आईने तेच बघितलं असेल, म्हणून तिला रडू आलं असेल. तिच्याशी भांडू नकोस. तिला नेमकी कशाची भीती वाटते ते विचार, रात्रीच्या मीटिंगची, लोक काय बोलतील त्याची, की पैशांची, आणि एकेका गोष्टीवर काय करणार ते सांग. रात्री मीटिंगला कोणासोबत जाणार, घरी किती वाजता येणार, हे ठरवणं म्हणजे माघार नाही.

पुढची निवडणूक लांब आहे ते चांगलंच आहे, तुझ्याकडे वेळ आहे. कुठल्या पक्षात जायचं ते मी सांगणार नाही पण जाण्याआधी तिथल्या तालुका किंवा वॉर्ड पातळीवरच्या बाईला भेट आणि विचार की ताई तुम्हाला तिकीट कसं मिळालं, पैसे कोणी लावले, तुम्ही पक्षाच्या विरोधात कधी बोललात का आणि मग काय झालं. उत्तर देताना ती आजूबाजूला बघते का ते बघ. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत काय चालतं ते प्रेक्षक म्हणून बघायला मिळतं का विचारून घे, बेलापूरला मुख्यालयात. बजेट वेबसाईटवर असतं, त्यातलं आपल्या वॉर्डाचं पान शोध. आणि जानेवारीत तुझ्या प्रभागात जे उभे होते त्यांची शपथपत्रं मिळव, मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात लिहावं लागतं, ती वाच आणि स्वतःचं एक आत्ताच कच्चं लिहून बघ, काय आहे, कुठून आलं. दर वर्षी ते नवं लिहायचं आणि घरातल्यांना वाचायला द्यायचं.

काम मात्र एकच धर आणि ते पाच वर्षं सोडू नकोस. तुमच्याकडे कचऱ्याचा, ट्रकच्या पार्किंगचा, झोपडपट्टीतल्या संडासांचा प्रश्न आहे, यातला कुठलाही एक. त्यासाठी जे पैसे गोळा करशील त्याची वही ठेव आणि ती मागेल त्याला दाखव. एससी, एसटी किंवा ओबीसींसाठी राखीव जागेवरून लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, त्याला खूप वेळ जातो आणि ऐनवेळी सगळे तिथेच अडकतात, म्हणून त्याचा अर्ज यावर्षीच कर.